रंग आणि मौन

जुन्या वस्तूला नवा रंग देणें ही फसवणूक आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला असता तर पूर्वीं आम्हीं तो हंसण्यावारी नेला असता. दिवाळीला घराच्या भिंती रंगतात, देवाच्या मूर्तीवर शेंदराचीं पुटें चढतात. त्यांस कोणी कपट म्हणत नाहीं. परंतु आमची जुनी स्कूटर विकण्यापूर्वीं तिचीं प्लास्टिकचीं पॅनेलें घरच्या घरीं रंगविण्याचा उद्योग आम्हीं आरंभिला, आणि या प्रश्नानें आम्हांस चांगलेंच पेंचांत धरलें.

काम दिसतें तितकें सोपें नाहीं. पॅनेल उतरवून पाठीमागें पाहिलें म्हणजे बहुधा प्लास्टिकची जात तेथें उमटविलेली आढळते. एबीएस असेल तर घासलेल्या अंगावर रंग बरा बसतो. पॉलिप्रॉपिलीन असेल तर रंगाचा पाय ठरत नाहीं, आधीं निराळें अस्तर द्यावें लागतें. पहिल्या खेपेस आम्हीं घाई केली. वर्षानुवर्षें चोळलेल्या पॉलिशमधील सिलिकोन नीट धुतलें नाहीं. फवारा मारतांच रंग जागोजाग फांकून बारीक वाटोळे खळगे पडले. मग सर्व खरवडलें, साबणानें धुतलें, स्पिरिटनें पुसलें, प्रथम ४०० व नंतर ६०० नंबरच्या वॉटर पेपरनें घासलें, आणि प्रायमर, रंग व पारदर्शक लेप यांचे पातळ हात दिले. दोन हातांमध्यें दहा-पंधरा मिनिटें स्वस्थ बसणें हाच यांतला कठीण भाग. रंग मात्र मूळचा निळाच ठेवला. कारण नोंदणीपत्रांत तो लिहिलेला असतो.

आतां मुख्य गोष्ट. एका पावसाळ्यांत गाडी घसरून पडली होती. पुढचा फोर्क किंचित वांकला, तो सरळ करून घेतला. उजव्या पॅनेलला स्क्रूच्या भोकापासून बोटभर चीर गेली, ती तशीच राहिली होती. रंगवितांना ती आंतून जाळी व एपॉक्सी लावून सांधली आणि वरून पुटीनें भरली. लेप सुकल्यावर चीर कोठें होती हें आमचें आम्हांसही सांपडेना. क्षणभर अभिमान वाटला. मग ध्यानांत आलें कीं, त्या अपघाताची एकुलती एक साक्ष आम्हीं आपल्या हातानें पुसून टाकली आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमांत या प्रश्नाचा विचार आहे. नुसतें मौन हें सामान्यतः कपट नव्हे, असें सांगून तेथें घोड्याचें उदाहरण दिलें आहे. घोडा सदोष आहे हें विक्रेत्यास ठाऊक असून लिलावांत तो कांहीं बोलला नाहीं, तरी तें कपट होत नाहीं. विकत घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळें सांगणें कर्तव्य ठरतें. परंतु त्याच कलमांत, वस्तुस्थिति जाणून ती बुद्ध्या झांकणें हा कपटाचा एक प्रकार गणला आहे.

आम्हीं चीर बुजविली ती शोभेसाठीं, कोणास ठकविण्यासाठीं नव्हे, असें आमचें मन म्हणे; आणि तें खरेंही होतें. रंगवितांना त्या कृत्यांत दोष नव्हता. परंतु गिऱ्हाईक समोर उभें राहतें तेव्हां त्याच निर्दोष कृत्यास निराळा अर्थ येतो. उन्हानें विटलेला रंग वाहनाचें वय सांगतो. तें गिऱ्हाइकास कागदावरूनही कळतें. चीर मात्र जें सांगते, तें दुसरें कोणी सांगत नाहीं. सगळेच विकण्याआधीं वस्तु सजवितात, हा युक्तिवादही येथें पुरत नाहीं. शेंदराखालीं दगड आहे हें प्रत्येक भाविक जाणतो. आमच्या रंगाखालीं चीर आहे हें आमच्यावांचून कोणी जाणत नव्हतें. ज्यानें चीर उघडी ठेवली त्यास एक वेळ गप्प राहतां येईल. ज्यानें ती बुजविली त्यानें मौनाचा हक्क गमावला.

गाडी पाहण्यास एक महाविद्यालयीन तरुण आला. पॅनेलवरून हात फिरवून म्हणाला, "काका, गाडी अगदीं नवी वाटते हो!" पडझडीविषयीं त्यानें कांहीं विचारलें नाहीं. आम्हीं पॅनेल काढून मागची जाळी दाखविली व फोर्कचीही हकीकत सांगितली. तो दोन दिवसांनीं येतों म्हणून गेला, तो परत आला नाहीं. पुढें आमच्या अपेक्षेहून बऱ्याच कमी किंमतीस गाडी दुसऱ्यानें नेली. त्यासही सर्व सांगितलें होतें. सत्य बोलल्यानें समाधान लाभतें असें म्हणतात. खोटें कशाला सांगावें, तो तरुण गेला त्या दिवशीं आम्हांस थोडें वाईटच वाटलें.