वोकिंगच्या सत्तावीस कबरी

नववीच्या वर्गात पहिल्या महायुद्धाचा धडा घेताना एक वाक्य आम्ही दरवर्षी घाईने उरकत आलो आहोत. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक या युद्धासाठी समुद्रापार गेले आणि सुमारे ७४ हजार परत आले नाहीत, हे ते वाक्य. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून मुले ते लिहून घेत नाहीत आणि आम्हीही थांबत नाही. मध्यंतरी मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, खलीफा तो उस तरफ था ना? फिर ये लोग शहीद हुए या नहीं?"

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या मुलांना शहीद हा शब्द उलगडून सांगावा लागत नाही. म्हणूनच तो प्रश्न वर्गात पडला तेव्हा सगळी मुले आमच्या तोंडाकडे बघू लागली. तेवढ्यात घंटा झाली आणि आमची सुटका झाली. खरे तर सुटका झालीच नाही. बी.एड.च्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या शंकेचे निरसन कसे करावे यावर बरेच काही शिकवतात. शिक्षकाला स्वतःलाच शंका असेल तर काय करावे, हे मात्र कुणी शिकवले नाही.

त्या प्रश्नाचा माग काढत आम्ही इंग्लंडमधल्या एका छोट्या कबरस्तानापर्यंत येऊन पोचलो. पुस्तकांतून, अर्थातच. लंडनच्या नैर्ऋत्येला वोकिंग नावाचे गाव आहे. तिथे भोपाळच्या नवाब शाहजहान बेगम यांच्या देणगीतून १८८९ साली डॉ. लाइटनर यांनी मशीद उभारली. त्या मशिदीपासून जवळच हॉर्सेल कॉमन हा माळ आहे. (एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीतले मंगळावरचे लोक पहिल्यांदा उतरतात तोच हा माळ. आमच्या विज्ञानाच्या सरांना हे फार आवडले.) या माळाच्या एका कोपऱ्यात विटांची भिंत, घुमटाचे प्रवेशद्वार आणि छोटे मिनार असलेले एक आवार आहे. दोन्ही महायुद्धांतले मिळून २७ मुसलमान सैनिक तिथे दफन झाले होते. त्यांतले बहुतेक पहिल्या महायुद्धातले.

हे सैनिक तिथे कसे पोचले, ते सांगायला हवे. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरली आणि थोड्याच आठवड्यांत फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात जर्मनांसमोर उभी केली गेली. जखमींना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या इस्पितळांत आणत. ब्रायटनचा जुना राजवाडाच इस्पितळ झाला होता. तिथे धर्म आणि जातीप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे होती, हिंदूंचे आणि मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे होते, नमाजासाठी हिरवळीवर जागा राखली होती. या बडदास्तीची एक पुस्तिकाही १९१५ मध्ये छापली गेली, इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत. पुस्तिका उर्दूत होती हे वाचून आम्हाला आधी बरे वाटले. मग ती कुणाच्या डोळ्यांसाठी छापली होती हे ध्यानात आले आणि बरे वाटणे जरा कमी झाले.

इस्पितळात जे हिंदू आणि शीख वारले त्यांचे दहन ब्रायटनजवळच्या टेकडीवर झाले. तिथे आज छत्री उभी आहे. मुसलमानांसाठी वोकिंगची जागा निवडली गेली. मशिदीचे तेव्हाचे इमाम मौलवी सदरुद्दीन यांनी स्वतंत्र कबरस्तानासाठी सरकारकडे तगादा लावला होता. पण सरकारने कान दिला त्याला आणखी एक कारण होते. इंग्रज आपल्या मुसलमान शिपायांना त्यांच्या धर्माप्रमाणे मातीही देत नाहीत, असा प्रचार जर्मनीने चालवला होता. तुर्कस्तान युद्धात उतरले होते आणि १४ नोव्हेंबर १९१४ रोजी इस्तंबूलमधून जिहादचा फतवा जाहीर झाला होता. अशा वेळी हिंदुस्थानी मुसलमानाची मय्यत ही सरकारच्या दृष्टीने राजकारणाची बाब झाली. लष्करी खात्याने जागा मिळवली, आराखडा झाला, १९१७ मध्ये भिंत आणि घुमट पुरे झाले. गुस्ल, कफन, नमाज-ए-जनाजा, किब्ल्याकडे तोंड, सगळे रीतसर.

इथेच आम्ही अडकलो. लहानपणी मदरशात आपण सगळेच शिकतो की कर्माचे मोल नियतीवर ठरते. मग प्रचाराला उत्तर म्हणून दिलेल्या मातीचे मोल काय? कबर रीतसर, पण ती बांधणाऱ्याची नियत वेगळी.

तिकडे जर्मनीतही हाच खेळ उलट्या बाजूने चालला होता. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फ येथे त्यांनी युद्धकैद्यांची एक छावणी उघडली आणि तिला नाव दिले चंद्रकोर छावणी. मुसलमान कैद्यांचे मन वळवून त्यांना खलिफाच्या बाजूने लढायला पाठवायचे, हा बेत. त्यासाठी १९१५ च्या रमजानमध्ये तिथे लाकडी मशीद उभी राहिली. जर्मन भूमीवरची ती पहिली मशीद. युद्ध संपल्यावर काही वर्षांत ती पाडली गेली. गरज सरली. जवळच्या झेरेन्सडॉर्फ येथील कबरस्तानात २०६ हिंदी कैदी पुरले आहेत, त्यांत मुसलमान आहेत, शीख आहेत, हिंदू आहेत. पुढे तो सारा परिसर सोव्हिएत फौजेच्या ताब्यात गेला आणि कबरींची दुर्दशा झाली. २००५ मध्ये त्या पुन्हा नीट केल्या गेल्या. एका बादशाहीने घुमट बांधला, दुसरीने मशीद बांधली. दोघांनाही इस्लामची एकाएकी इतकी काळजी का वाटावी, हे आमच्या वर्गातल्या मुलालाही कळेल.

आणि शिपाई? त्याची नियत काय होती? महिना अकरा रुपये पगार, घरी जमीन थोडी, सावकार जास्त, रेजिमेंटमध्ये बापजाद्यांची नोकरी. काहींना नमक हलाल करायचे होते, काहींना इज्जत कमवायची होती, बऱ्याच जणांना नुसते जिवंत घरी यायचे होते. त्यांची पत्रे फ्रान्समधले सेन्सॉर उघडून वाचत आणि भाषांतरे करून ठेवत, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. पुष्कळ पत्रे उर्दूत होती. पत्र फुटणार हे शिपायांनाही ठाऊक होते, म्हणून ते हिंदी पलटणींना काळी मिरी म्हणत आणि गोऱ्यांना लाल मिरची. काळी मिरी संपत चालली आहे, असे कुणी घरी लिहिले की गावात अर्थ कळायचा. आपल्याला वापरले जात आहे, हे या लोकांना समजत नव्हते असे मानणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा मारण्यासारखे आहे.

ज्यांनी नकार दिला तेही होते. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केले. आपल्याला तुर्कांवर पाठवणार, ही अफवा त्यामागच्या कारणांपैकी एक होती. ४७ जणांना उघड्यावर गोळ्या घातल्या गेल्या. बंड करताना त्यांच्या हातून निरपराध माणसेही मारली गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. मग वोकिंगवाले गद्दार आणि सिंगापूरवाले गाझी, असा निवाडा करावा का? तरुणपणी आम्ही तो बेधडक केला असता. आज आम्हाला तो करवत नाही. खलिफाच्या बाजूला जर्मनीचा कैसर होता आणि इंग्रजांच्या बाजूला आमची गरिबी होती.

आता आपल्या दारात येऊ. आमची शाळा सातारा जिल्ह्यात आहे. या भागातल्या बऱ्याच गावांत ब्रिटिश सरकारने लावलेली दगडी पाटी दिसते. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. अपशिंगे गावचे तर ४६ जण गेले ते गेले. पाटीवर आकडे आहेत, नावे नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी सहावी पुणे डिव्हिजन गेली तिच्यात मराठा पलटणी होत्या आणि त्या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. हे लोक मात्र थेट तुर्कांशीच लढले. डिसेंबर १९१५ पासून कूतला वेढा पडला. घोड्याचे मांस खावे की न खावे, यासाठी हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवावी लागली. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शरणागती पत्करली. कैदेत आणि वाळवंटातल्या वाटचालीत किती मेले याची नीट गणती नाही.

त्यांच्यासाठी बसरा येथे स्मारक आहे. त्यावर इंग्रजांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साधा हिंदी शिपाई मात्र रेजिमेंटच्या नावाखाली 'आणि इतर इतके' झाला. मृत्यूनंतर हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही, हे तर १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचे तत्त्व. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाच्याच समितीने अहवाल दिला की आशिया-आफ्रिकेतल्या किमान एक लाख सोळा हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांची, नावानिशी किंवा कसलीच नोंद झाली नाही. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. वोकिंगच्या सत्तावीस जणांना घुमट मिळाला, कारण त्यांच्याकडे बर्लिनचे लक्ष होते. बसऱ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

हे वाचून इंग्रजांवर दात-ओठ खाणे सोपे आहे. पण आम्ही काय करतो? कुणी आमच्या वफादारीवर बोट ठेवले की आम्ही लगेच यादी काढतो. १९६५ चे अब्दुल हमीद, १९४८ चे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. शाळेच्या २६ जानेवारीच्या भाषणात आम्हीही ही नावे कितीदा घेतली आहेत. ती माणसे थोर होतीच, नाव घेण्यातही गैर नाही. पण ज्या सुरात ते घेतो तो सूर ऐका. तो आठवणीचा नसतो, दाखला दाखवणाऱ्याचा असतो. उस्मान साहेबांची कबर दिल्लीत जामिया मिल्लियाच्या कबरस्तानात आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये ती फुटलेल्या अवस्थेत आढळली, तेव्हा बातमी झाली आणि लष्कराने ती दुरुस्त केली. त्याआधी, भाषणांत त्यांचे नाव घेणाऱ्या आमच्यापैकी किती जण तिथे फातिहा पढायला गेले होते? मेलेल्या माणसाकडून काम करून घेण्यात आम्हीही इंग्रज-जर्मनांपेक्षा फार मागे नाही.

वोकिंगचे पुढे असे झाले की आवाराकडे दुर्लक्ष झाले, मोडतोड होऊ लागली. १९६८ मध्ये सर्व सैनिकांचे अवशेष काढून जवळच्या ब्रुकवुडच्या लष्करी कबरस्तानात नेले. कबर उकरणे आपल्याकडे सहजी मान्य होत नाही. पण तुडवल्या जाण्यापेक्षा हलवलेली बरी, असे कुणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. रिकाम्या आवाराची डागडुजी होऊन २०१५ मध्ये तिथे शांतिउद्यान झाले. पाणी आहे, भूर्जवृक्ष आहेत, आणि ग्रॅनाइटच्या दगडावर सत्तावीस नावे आहेत. कबरी नाहीत, नावे आहेत. बसऱ्याला नेमके तेच राहून गेले.

त्या मुलाला आम्ही पुढच्या तासाला एवढेच सांगितले की शहादतीचा निकाल आमच्या हातात नाही, पण जनाजाला उभे राहायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. त्याचे समाधान झाले असे दिसले नाही. मग आम्ही वर्गाला विचारले, कुणाच्या घरातून कुणी त्या लढाईवर गेले होते का? एक मुलगी दुसऱ्या दिवशी दादीला विचारून आली. दादीच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ गेले होते, परत आले नाहीत. घरात त्यांना बसरेवाले दादा म्हणतात. शबेबरातीला त्यांच्या नावाने फातिहा होतो.

"और नाम?" आम्ही विचारले.

नाव दादीला माहीत नव्हते. मुलगी म्हणाली, सातारच्या फुफीला विचारून सांगते.