मेलेल्यांची सत्ता, जिवंतांचा हक्क

२५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचे लग्न लागले. अंतरपाट होता, वऱ्हाडी होते, अक्षताही होत्या. भटजी तेवढे नव्हते. तीनच महिन्यांपूर्वी, २४ सप्टेंबरला, जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता आणि हे त्या समाजाचे पहिले लग्न. आज वाचताना हा दोन घरांचा खाजगी मामला वाटेल. त्या काळी मात्र बारशापासून श्राद्धापर्यंत गावगाड्याचा प्रत्येक दिवस ग्रामजोशाच्या पंचांगाला बांधलेला होता. त्याच्यावाचून लग्न लावणे म्हणजे गावच्या घडीलाच हात घालणे होते.

या मांडवामागे एक जुना वाद उभा होता, आणि तो पेटला होता लंडनमध्ये.

१७९० साली एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध पुस्तक लिहिले. समाज हा केवळ जिवंत माणसांचा नसतो. होऊन गेलेले, आज असलेले आणि पुढे जन्मणारे अशा सर्वांचा तो करार असतो, तेव्हा पूर्वजांनी घालून दिलेली चौकट एका पिढीने मोडू नये, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी थॉमस पेन यांनी ‘राइट्स ऑफ मॅन’मधून उत्तर दिले. कबरीत गेलेल्यांना जिवंतांवर राज्य करण्याचा अधिकार कोणी दिला, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. प्रत्येक पिढी आपल्यापुरती स्वतंत्र असते. आजोबांनी कबूल केले म्हणून नातू गुलाम ठरत नाही. पेन हे काही विद्यापीठात घडलेले तत्त्वज्ञ नव्हते. बायकांच्या कंचुक्या शिवण्याचा बापाचा धंदा त्यांनी केला, मग अबकारी खात्यात नोकरी केली आणि ऐन सदतिसाव्या वर्षी अमेरिकेचा किनारा गाठला. तिथे १७७६ मध्ये त्यांच्या ‘कॉमन सेन्स’ने स्वातंत्र्ययुद्धाला शब्द पुरवले. ‘राइट्स ऑफ मॅन’बद्दल इंग्लंडने त्यांना राजद्रोही ठरवले, फ्रान्सने प्रतिनिधिगृहात बसवले. पण तिथे त्यांनी राजाच्या शिरच्छेदाला विरोध केला, आणि अखेर त्याच क्रांतीने त्यांना पॅरिसच्या लक्झेंबर्ग तुरुंगात टाकले. आपल्याच बाजूच्या लोकांसमोर तत्त्व सोडायचे नाही, ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड कसोटी असणार.

पुण्यात ‘राइट्स ऑफ मॅन’ पोचले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेभोवतीच्या तरुणांच्या वर्तुळात. १८४७च्या सुमारास वीस वर्षांच्या जोतीरावांनी ते मित्रांबरोबर वाचले, असे चरित्रकार नोंदवतात. पुढच्या वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीतून, शूद्र असून बरोबरीने चालतो म्हणून, त्यांना अपमान करून बाजूला काढण्यात आले. आणि त्याच वर्षी त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली.

ही हकिगत सांगताना काहीजण सगळे श्रेय पुस्तकाला देतात, काहीजण अपमानाला. दोन्ही अपुरे आहे. तसा अपमान त्या शतकात हजारोंनी गिळला; कित्येकांनी तो नशिबाच्या खाती मांडला. आणि पेनची पुस्तके हिंदुस्थानात वाचणारे जोतीराव एकटे नव्हते. कलकत्त्यात तरुण शिक्षक डिरोझिओ यांच्या शिष्यांनी त्यांच्या आधीच पेन वाचले होते; तिथे ते वाचन बरेचसे भद्रलोकांच्या बैठकीत राहिले. पुण्यात मात्र एका माणसाच्या मनाला झालेली जखम आणि एक सर्वसाधारण तत्त्व यांची गाठ पडली. ‘माझ्याशी असे का वागले?’ हा प्रश्न ‘कोणाशीही असे वागण्याचा हक्क कोणाला आहे?’ असा बदलला. क्रांतीच्या राजकारणात तत्त्वज्ञान जे काम करते ते हेच. राग त्याला निर्माण करावा लागत नाही, राग आधीच असतो. त्या रागाला ते एका घराच्या उंबऱ्याबाहेर काढते.

पण उसना विचार जसाच्या तसा रुजत नाही. पेनच्या लेखी मेलेल्यांची सत्ता म्हणजे राजघराणे आणि जुन्या पार्लमेंटचे ठराव. पुण्यात ती स्मृतिपुराणांत होती आणि ती वसूल करणारा माणूस दर सणाला दारात उभा राहत होता. म्हणून जोतीरावांनी रोख बदलला. १८७३ सालची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली आणि पुस्तकात हल्ला चढवला तो दशावतारांच्या कथांवर. धर्मग्रंथ ईश्वराने सांगितले नाहीत, आणि निर्माता व माणूस यांच्यात दलाल लागत नाही, हे पेन यांनी ‘एज ऑफ रीझन’मध्ये मांडले होते. जोतीरावांचा ‘निर्मीक’ त्याच जातकुळीचा. एका बाबतीत मात्र ते पेनच्या खूप पुढे गेले. ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये बायकांच्या हक्कांना जागा नाही. जोतीरावांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त हक्काचा विषय निघाला की स्त्री आणि पुरुष दोघेही बरोबरीने येतात.

या विचारातली खरी हिंमत दिसते ती जोतीरावांच्या १८८७च्या पूजाविधीच्या पुस्तिकेत. त्यातल्या मंगलाष्टकांत देवांची आळवणी नाही, वधूवरांचा सवालजबाब आहे. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तो हक्क देण्याची शपथ घे, असे वधू भर मांडवात वराला सांगते आणि वर ती घेतो. मानवी हक्कांचा जाहीरनामा व्हर्सायच्या सभागृहात मंजूर झाला होता. इथे तो मुंडावळ्या बांधलेल्या मुलीच्या तोंडी आला, आणि तोही अक्षर न येणाऱ्या वऱ्हाडींना कळेल अशा मराठीत.

भटजींवाचून लावलेल्या लग्नांची झळ बसल्याशिवाय राहिली नाही. जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरचे लग्न भटजींवाचून लावले, तेव्हा ग्रामजोशांनी हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. लग्न कोणी लावायचे हा धर्माचा प्रश्न आहे म्हणता म्हणता तो वतनाचा आणि उत्पन्नाचा आहे, हे कोर्टाच्या कागदावर उघडे पडले.

पैशाचा हिशेब जोतीरावांनी सरकारलाही विचारला. पेन यांनी आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात करांच्या पैशातून गरिबांच्या मुलांचे शिक्षण आणि म्हाताऱ्यांना वर्षासन, असा आकड्यांनिशी आराखडा दिला होता. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी तसाच युक्तिवाद केला: शेतसारा भरतो शेतकरी आणि त्यातून शिकतात वरच्या जातींची मुले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. इंग्रजी राज्यावर त्यांनी गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला, ही टीका रास्त आहे. पण त्या राज्याला जाब विचारण्यात त्यांनी कसूर केली नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ गोऱ्या अंमलदारांच्या पाठीवरही पडतो.

विचार पुढे चालला तो अनेक पायांनी. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. विधवांचे केशवपन करणार नाही, असे ठरवणाऱ्या मुंबईच्या नाभिकांच्या पाठीशीही तेच होते. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून नगर जिल्ह्याच्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवला. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेतला आणि त्यातून सावकार, कुलकर्णी, भिक्षुक यांची कारस्थाने उघडी केली. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत विचार डफ-ढोलकीवर पोचला.

१९२० नंतर या चळवळीतून पुढे आलेला ब्राह्मणेतर पक्ष कौन्सिलच्या जागांकडे वळला, तिथे हे तेज बरेच मंदावले. सत्यशोधकी विचार जातींच्या वाटाघाटीत अडकला, ही महाराष्ट्राच्या राजकारणातली मोठी हानी होय. तरीही खेड्यांत तो जिवंत होता. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात ज्यांनी प्रतिसरकार चालवले, त्या नाना पाटलांची घडण सत्यशोधक चळवळीतलीच. भूमिगत बंडखोरांनी इंग्रजांचे खजिने लुटावेत हे समजण्यासारखे आहे. पण त्याच बंडखोरांनी कमी खर्चाची ‘गांधी-विवाह’ पद्धतीची लग्नेही लावली. गावचे राज्य हाती घ्यायचे तर गावचा मांडवही हाती घ्यावा लागतो, ही समज सत्तर वर्षांपूर्वीची होती.

एक गोष्ट मात्र या सगळ्यातून सुटली. भटजी मांडवाबाहेर गेला, जात आतच राहिली. बहुतेक सत्यशोधक लग्नेही जातीच्या जातीतच झाली. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच ठिकाणी बोट ठेवले. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा मेलेल्यांच्या सत्तेला दिलेले ते भर सभेतले उत्तर होते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी पुढचे पाऊल टाकले: सहभोजनाने जात जाणार नाही, आंतरजातीय लग्नाने जाईल, आणि अशी लग्ने होत नाहीत, कारण लोक शास्त्रांना पवित्र मानतात, म्हणून घाव त्या पावित्र्यावरच घातला पाहिजे. छापील मसुदा वाचून मंडळींचे धाबे दणाणले. त्यांनी मजकूर बदलायला सांगितले, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले, आणि परिषद बारगळली. मग त्यांनी ते भाषण पुस्तक म्हणून स्वतःच काढले. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, आणि दुसरी आवृत्ती निघेपर्यंत गुजराती व तमिळ भाषांतरे वाचकांच्या हातात होती.