दहा धावांचा हिशेब

आकड्यांवर माझी श्रद्धा आहे, बी. कॉम. झालेल्या माणसाला दुसरा देव परवडत नाही. पण एक आकडा मला भोकरच्या शाखेत बसूनही छळतो: नाबाद ४४३.

डिसेंबर १९४८. पुण्यात रणजी सामना. महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडच्या गोलंदाजांना असं धुतलं, की फलक ४ बाद ८२६ वर गेला. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम नाबाद ४५२. तो मोडायला दहाच धावा हव्या होत्या. आपल्या नावावर ही नामुष्की लागू नये म्हणून काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, मधल्या सुट्टीतच सामना सोडून मोकळे झाले! निंबाळकरांना पुढं कसोटीही कधी मिळाली नाही.

ठाकोरसाहेबांना मी वर्षानुवर्षं नावं ठेवली. परवा मात्र पंचाईत झाली. खिडकी बंद करतोय, तोच एक आजोबा धापा टाकत आले. "सायब, दोनच मिन्टं हो. उंद्या पुन्हा येणं होत नाही."

"बाबा, वेळ संपली," मी म्हणालो.

नियमानं माझं बरोबर होतं. पण मग ठाकोरसाहेबांचं तरी काय चुकलं? सामना सोडायला त्यांनाही बंदी नव्हती. दुसऱ्याचं देणं किती, ते नियम सांगतो. देण्यापलीकडचं द्यायचं की नाही, ते आपणच ठरवायचं असतं.

धावत बाहेर आलो, तोवर आजोबा गेले होते.

त्या दिवशी रोकड पैशापैशाला जुळली. मन तेवढं दहानं कमी भरलं.