ढिलं हँडल

गाडी जुनी झाली की बोलायला लागते. माझी शंभर सीसीची गाडी हँडलातून बोलायची. गोदावरीचा पूल ओलांडून परभणीकडं निघालं की प्रत्येक खड्ड्याला पुढं 'खट' वाजायचं. पुढचा ब्रेक दाबला की हँडल हातात हलायचं.

म्हणलं, बोल्ट ढिले असतील. वरचे बोल्ट आवळले, फरक नाही. मग गंगाखेडात मिस्त्रीकडं गेलो. त्यानं पान्याला हातच लावला नाही. गाडी डबल स्टँडवर घेतली, मला मागं बसवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि दोन्ही शॉकप खालून धरून मागंपुढं ओढले. खट.

"नुसतं हँडल हललं असतं तर बोल्ट नाहीतर रबरी बुश म्हणलो असतो. चाक आडवं हलवून बघितलं, बेरिंग चांगलंय. आता हे बघा." त्यानं एका बोटानं हँडल फिरवलं. बरोबर मधोमध ते अडकलं. "कोनसेट गेला. हँडल जास्त वेळ सरळच असतं, खड्ड्यांचा मार तिथंच बसतो. छर्र्यांनी वाट्यांत खळगे पाडलेत."

कोनसेट बदलायचा, नाहीतर वरचा नट आवळायचा. आवळला की आवाज बंद. खळगे मात्र तिथंच. हँडल सरळ अडकून राहतं, गाडी झुलते.

मला गाडी विकायचीच होती. मी नट आवळून घेतला.

शेजारच्या गावचं पोरगं आलं. दुधाचे कॅन बांधून रोज गंगाखेडला यायचं होतं त्याला. टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, इसार देऊन गेलं.

त्या रात्री झोप लागंना. आमच्या बैलबाजारातला जुना न्याय, घेणाऱ्यानं पारखून घ्यावं. माळेगावच्या यात्रेत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, पण त्याआधी दात मोजता येतात, बैल चालवून बघता येतो. तिथं मी एकदा एक बैल विकला होता. चिखलात गाडी अडली की खाली बसायचा. मी खोड सांगितली नाही, त्यानं विचारली नाही. मनाची समजूत घातली की जुंपून बघायचं काम त्याचं होतं. ती समजूत लई वर्षं पुरली.

इथं ती पुरंना. बैलाची खोड मी नुसती सांगितली नव्हती. गाडी तर स्वतःच सांगत होती, आणि मी पैसे देऊन तिचं तोंड बंद केलं होतं. घेणाऱ्यानं पारखावं हा न्याय, विकणारानं झाकलं नाही तरच न्याय.

पण मग वाटलं, हा फरकसुद्धा मी माझ्याच सोयीनं करतोय. ऐन पेरणीच्या वापशात तो बैल बसला असंल, तर त्या माणसाला काय फरक, मी झाकलं का गप बसलो?

सकाळी जाऊन पोराला सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, "मामा, इसार घ्यायच्या आधी का नाही सांगितलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कोनसेट माझ्या पैशानं बदलून गाडी त्याला दिली. आता बाजारात भेटतं, गाडी चांगली चाललीय म्हणतं.

बैल घेणाऱ्याचं मात्र मी तेव्हा गावसुद्धा विचारलं नव्हतं.