‘मी मेलो’ म्हणणारा कोण?

गेममधले पात्र पडले की खेळणारा ओरडतो, “मी मेलो!” अवघड लेव्हल आली की तो मोबाईल मित्राकडे देतो. मित्र ती पार करतो आणि हा म्हणतो, “मी जिंकलो!” म्हणजे आपला ‘मी’ कधी पात्राला चिकटतो, कधी दुसऱ्याच्या कर्तृत्वाला.

१९८५ च्या ‘अल्टिमा फोर’ या गेममध्ये खेळाडूला आठ सद्गुण आचरून ‘अवतार’ व्हायचे असते. हा मूळ संस्कृत शब्द. अर्थ, खाली उतरणे. उतरणारा त्या रूपापुरता नसतो.

निकालाच्या दिवशी “मी संपलो” म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगायला हवे. नापास झाला तो एक प्रयत्न. ते पाहणारा अजून आहे. त्याने मदत अवश्य मागावी. अभ्यास मात्र त्यालाच करायचा आहे.