वसईचा दुभाष्या

'कन्व्हर्शन' हा शब्द कानावर पडला कीं आपल्या मनांत धर्मांतराचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याच्या मागोमाग वादही. परंतु कॅथॉलिक संतांच्या चरित्रांत हा शब्द पुष्कळदां निराळ्याच अर्थानें येतो : धर्म तोच, देव तोच, माणसाचें तोंड मात्र दुसऱ्या दिशेस वळतें. या दुसऱ्या अर्थाचा विचार धर्मभेद बाजूस ठेवूनही आपणांस करतां येईल, आणि त्यासाठीं रोमपर्यंत जावयास नको. आपल्या वसईंतच तसा एक मनुष्य होऊन गेला.

गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. बाप पोर्तुगीज, आई याच मुलखांतली. जेज्विट धर्मगुरूंच्या हाताखालीं तो शिकला आणि कोंवळ्या वयांतच त्यांच्याबरोबर जपानांत गेला. तेथली भाषा त्यानें उत्तम आत्मसात केली. लोकांना धर्मपाठ देण्याचें काम केलें. जेज्विट संघांत आपणांस घ्यावें अशी त्याची मनीषा होती. ती पुरी झाली नाहीं. तेव्हां तो व्यापारांत पडला, आणि त्यांत त्याचें चांगलें चाललें. पुढें मनिला येथें तो सगळा व्याप सोडून त्यानें फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश केला. तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा सेवक-बंधु म्हणून. १५९३ मध्यें पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाबरोबर तो पुन्हां जपानांत गेला आणि हिदेयोशीच्या दरबारीं दुभाष्या झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें इतर पंचवीस जणांसह त्याला क्रुसावर चढवून मारण्यांत आलें. १८६२ मध्यें रोमनें त्या सर्वांस संत म्हणून जाहीर केलें.

हौतात्म्याच्या तेजानें डोळे दिपतात आणि मधला भाग दिसेनासा होतो. (वाल्या कोळ्याच्या कथेनेंही आपली अशीच खोड वाढविली आहे, पालट म्हणजे एका क्षणांत आणि आरपार, असें आपण धरून चालतों.) मला महत्त्वाचा वाटतो तो हा मधला भाग. गोन्सालोनें नफा टाकला, परंतु भाषा टाकली नाहीं. बाजारांत भाव करतांना जी जीभ चालली तीच पुढें दरबारांत चालली. आमच्या माळशिरस तालुक्यांत नीरेच्या कालव्यावर रात्रीं दारें धरणारा शेतकरी काय करतो? फावड्यानें थोडी माती इकडची तिकडे करतो. पाणी तेंच असतें. तें ज्या वाफ्याकडे जातें तो वाफा बदलतो. हा फरक लहान नव्हे. व्यापाऱ्याला शब्द आपल्या फायद्याकडे ओढतां येतो. दुभाष्याला ती मुभा नसते. दुसऱ्याचें म्हणणें, तें ऐकून सत्ताधीश कोपेल हें ठाऊक असतांही, त्याला जसेंच्या तसें पोंचवावें लागतें.

येथें प्रपंची माणसाचा एक आक्षेप रास्त आहे. गोन्सालो एकटा होता. ज्याच्या मागें बायकामुलें आहेत त्यानें काय करावें? या प्रश्नाला मला उत्तर सांपडतें तें देहूच्या वाण्यापाशीं. तुकोबांनीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु परंपरा असेंही सांगते कीं, धाकटे बंधु कान्होबा यांच्या वांट्याचीं खतें त्यांनीं आधीं वेगळीं काढून दिलीं, आणि बुडविलीं तीं केवळ आपल्या वांट्याचीं. दुसऱ्याच्या हक्कावर उदार होण्याचा मोह किती सहज वैराग्याचें सोंग घेतो, हें ज्यांनीं घरांत एखादा विरक्त पुरुष पाहिला असेल त्यांस सांगावयास नको.

आषाढी वारींत ज्ञानोबांची पालखी माळशिरसास मुक्काम करते. त्या रात्रीं सारें गांव भाविक असतें, आणि त्यांत खोटें कांहीं नसतें. दुसरे दिवशीं पालखी वेळापुराकडे निघते. दुकानें उघडतात, कचेऱ्या भरतात. सात-बाराच्या उताऱ्यांतल्या खाचाखोचा ज्याला पाठ आहेत तो मनुष्य तें ज्ञान अडाणी खातेदारास अडविण्याकडे वळवितो, कीं त्याचा हक्क त्याला दाखविण्याकडे, हें त्या दिवशीं ठरतें. तेव्हां बहुधा पाहणारें कोणी नसतें.

नागासाकीच्या त्या सव्वीस जणांपैकीं वीस जपानी होते, आणि त्यांतले पुष्कळसे मठवासी नव्हते. त्यांत वैद्य होता, सुतार होता.