मतदाराला उपदेश नको, हिशेब हवा

निवडणूक जाहीर झाली की नांदेड-लातूरकडच्या भिंती पांढऱ्या होतात. पक्षांची चिन्हं आणि पुढाऱ्यांची नावं चुन्याखाली जातात. मग तहसीलच्या, शाळेच्या, बसस्थानकाच्या भिंतींवर शाई लावलेलं बोट येतं. जोडीला रांगोळ्या, पथनाट्यं, मानवी साखळ्या, विद्यार्थ्यांच्या प्रभातफेऱ्या. निवडणूक आयोगाच्या ‘स्वीप’ कार्यक्रमातून हे सगळं होतं आणि त्यात चित्रकलेचे शिक्षक, अंगणवाडीताई मनापासून राबतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. माझा आक्षेप त्या चित्रांच्या मजकुराला आहे. मतदार घरी बसतो तो आळसाने किंवा अज्ञानाने, असं हा मजकूर धरून चालतो. मराठवाड्याचा अलीकडचा अनुभव तसा नाही.

२१ ऑक्टोबर २०१९ चं विधानसभेचं मतदान आठवा. लातूर ग्रामीण मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकाची मतं ‘नोटा’ला पडली. २७ हजारांहून अधिक लोक घरातून निघाले, रांगेत उभे राहिले, बोटाला शाई लावून घेतली आणि यांतला कोणीच नको असं नोंदवून परत गेले. युतीत ती जागा कोणाला सुटली, कोणाचे कार्यकर्ते नाराज होते, ही कारणं त्यामागे होतीच. पण या माणसांना मतदानाचं महत्त्व भिंतीवरून शिकवण्याची गरज नव्हती.

नांदेडची गोष्ट याहून बोचरी आहे. २०१९ च्या लोकसभेला इथे ६५ टक्क्यांच्या वर मतदान झालं होतं. २६ एप्रिल २०२४ ला ते ६१ टक्क्यांच्या आसपास आलं. उन्हाचा कडाका होता, लग्नसराई होती, हे खरं. पण त्याच दिवशी बिलोली तालुक्यात एका तरुणाने कुऱ्हाडीने मतदान यंत्र फोडलं. त्या कृत्याचं समर्थन करता येत नाही. मात्र यंत्रावर कुऱ्हाड घालण्याइतका जो संतापला आहे, त्याला उदासीन म्हणता येणार नाही. त्या निवडणुकीत निवडून आलेले वसंतराव चव्हाण ऑगस्टमध्ये गेले. २० नोव्हेंबरला पोटनिवडणूक झाली आणि त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. एका मोठ्या मतदान केंद्राच्या यादीत मावतील एवढेच हे मतदार. सहा विधानसभा मतदारसंघांच्या लोकसभेचा निकाल एवढ्या मतांवर ठरला. हा आकडा गावोगावच्या चावडीवर रंगवला, तर शाईच्या शंभर बोटांपेक्षा तो जास्त बोलेल.

त्या २० नोव्हेंबरला किती जण गावात होते, हाही प्रश्न आहे. २०२४ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात. मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मतदानासाठी फड सोडून तीनशे किलोमीटर मागे येऊ शकत नाही. यायचंच ठरवलं तर भाडं कोण देणार आणि बुडालेली मजुरी कोण भरून देणार? सैनिकाला टपाली मत आहे, ८५ वर्षांपुढच्या मतदाराला घरी मत आहे, ऊसतोड मजुराला दोन्ही नाही. दुसरीकडे राहून आपल्या मतदारसंघात मत देता येईल असं यंत्र आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवण्याचं ठरवलं होतं. ते प्रत्यक्षात आलेलं नाही. ज्या घराला कुलूप आहे, त्याच्या भिंतीवर ‘मतदान करा’ लिहिण्यात कोणाचा लाभ आहे?

लोककलेची ताकद मी कमी लेखत नाही, उलट तिच्याकडून मला पुष्कळ जास्त हवं आहे. पैठणच्या नाथांनी भारुडातून समाजाला त्याचेच दोष दाखवले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांनी मैदानं भरवली आणि १९५७ च्या निवडणुकीत त्याचा परिणाम दिसला. या कलावंतांनी ऐकणाऱ्याला अडाणी समजून उपदेश केला नाही. सत्तेवर कोण आहे, त्याने काय केलं, आपल्या ताटात काय पडलं, हे त्यांनी मांडलं. पुढचं लोकांनी ठरवलं. आजही इथला माणूस कलेसाठी वाट वाकडी करतो. २०१९ च्या शिवजयंतीला मंगेश निपाणीकरांनी निलंग्यात शेतात गवत उगवून शिवरायांची भव्य प्रतिमा साकारली, तेव्हा ते सगळ्यांनी पाहिलं.

यावर अधिकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: सरकारी पैशाने प्रश्न विचारणारी कला केली तर निःपक्षपातीपणा कुठे राहिला? आक्षेप रास्त आहे. शासनाने कोणाच्या बाजूने किंवा विरोधात गाऊ नये. पण उमेदवाराची मालमत्ता, त्याच्यावरचे गुन्हे, त्याचं शिक्षण हे तो स्वतःच प्रतिज्ञापत्रात लिहून देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी मतदाराला ते जाणण्याचा हक्क दिला आहे. सगळ्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं सारख्याच आकाराच्या अक्षरांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर उतरवली, तर त्यात पक्षपात कसला? देगलूर, धर्माबादकडे ती तेलुगूतही हवीत, किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटीत ऐकवायला हवीत आणि नांदेड शहरात उर्दूतही.

दुसरी गोष्ट वेळेची. मतदानाच्या आधीच्या पंधरवड्यात भिंत रंगवून ज्याचं यादीत नावच नाही त्याला काही मिळत नाही. यादीचं पुनरीक्षण बहुतेक वर्षी ऑक्टोबर ते जानेवारीत होतं. साधारण त्याच सुमारास लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्या-उंटांचा बाजार, लावणी महोत्सव, वाघ्या-मुरळी, मराठवाड्याबरोबर तेलंगण-कर्नाटकातूनही आलेली माणसं. या यात्रेचं आयोजन जिल्हा परिषदच करते, म्हणजे नवी यंत्रणा उभारायची नाही. शाहीर, भारूडकार, गोंधळी यांना तिथे मानधन देऊन बोलवावं. रंगमंचाशेजारी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनी (बीएलओ) यादी आणि नावनोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म घेऊन बसावं. गाणं संपलं की माणसाने तिथेच आपलं नाव तपासावं. टोळ्या ज्या कारखान्यांवर उतरतात, तिथेही हेच पथक जावं.

नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या पुनरीक्षणात एवढा प्रयोग करून पाहावा, आणि कलावंतांनी त्यांच्या दारात जाऊन तो मागावा.